टीव्हीवरचे भूत आणि दहा वर्षांची मुले

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ हे जगभरातील डॉक्टरांच्या नेहमीच्या वाचनातले साप्ताहिक. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यात एक छोटे टिपण छापून आले. लिहिणारे होते इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातले, लहान मुलांच्या मानसिक आजारांवर उपचार करणारे दोन डॉक्टर. टिपणात दहा वर्षांच्या दोन मुलांची हकिगत होती. त्यांतला एक मुलगा भूत, चेटकीण आणि अंधार या तिन्हींना इतका घाबरू लागला होता की तो जिना चढून एकटा वरच्या मजल्यावर जाईना. दिवा मालवला की झोपेना. रात्री वाईट स्वप्ने पडत आणि दिवसाही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत. डोक्यातले भुताचे विचार निघून जावेत म्हणून तो स्वतःचे डोके आपटून घेई. आईला क्षणभर सोडत नसे. अखेर त्याला आठ आठवडे रुग्णालयात ठेवून उपचार करावे लागले.

या मुलाच्या बाबतीत ना अपघात झाला होता, ना घरात आग लागली होती, ना कोणी मारहाण केली होती. त्याने आणि दुसऱ्या मुलाने टीव्हीवर एक कार्यक्रम पाहिला होता. डॉक्टरांनी दोघांचेही निदान ‘आघातोत्तर ताण विकार’ म्हणजे पीटीएसडी असे केले. हा शब्द एरवी युद्धावरून परतलेले सैनिक, भूकंपातून वाचलेली माणसे यांच्या संदर्भात वापरला जातो. टीव्हीवरील कार्यक्रमामुळे हा आजार झाल्याची वैद्यकीय नियतकालिकातली ही पहिलीच नोंद असल्याचे लेखकांनी म्हटले होते.

तो कार्यक्रम म्हणजे ‘घोस्टवॉच’. ३१ ऑक्टोबर १९९२, शनिवार, हॅलोवीनची रात्र. म्हणजे तिकडची भुताखेतांची रात्र, आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण करून देणारी, फक्त तिकडे ती मुलांच्या मौजेची अधिक. रात्री ९ वाजून २५ मिनिटांनी बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर तो सुरू झाला आणि दीड तास चालला. सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी तो पाहिला. लंडनच्या नॉर्थॉल्ट भागातले एक साधे घर, त्यात राहणारी एक आई आणि तिच्या दोन मुली. घरात विचित्र आवाज येतात, वस्तू फेकल्या जातात. बीबीसीचे कॅमेरे रात्रभर त्या घरात थांबणार आणि जे घडेल ते थेट दाखवणार, असा देखावा. प्रत्यक्षात सगळे नाटक होते. स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेले, लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेले आणि कित्येक आठवडे आधी चित्रित करून ठेवलेले. बीबीसीच्या नाटकांच्या ठरलेल्या मालिकेतच ते दाखवले गेले. सुरुवातीला लेखकाचे नावही पडद्यावर आले होते. पण पाच मिनिटे उशिरा टीव्ही लावणाऱ्याला ते कसे कळावे?

आणि कळले असते, तरी पुढे जे दिसत होते ते नाटकासारखे नव्हते. स्टुडिओत बसले होते मायकेल पार्किन्सन. ब्रिटनमधील घराघरात माहीत असलेले, वयाने आणि आवाजाने विश्वासार्ह वाटणारे मुलाखतकार. भुताच्या घरात गेली होती सारा ग्रीन. ही मुलांची लाडकी निवेदिका. आधी ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात आणि नंतर शनिवार सकाळच्या ‘गोइंग लाइव्ह’मध्ये मुले तिला वर्षानुवर्षे पाहत होती. स्टुडिओत प्रेक्षकांचे फोन घेत होते माइक स्मिथ, जे खऱ्या आयुष्यातही साराचे पती. ही सगळी माणसे स्वतःच्याच नावाने वावरत होती. पडद्यावर एक दूरध्वनी क्रमांक झळकत होता आणि तोही खरा, बीबीसीच्या इतर कार्यक्रमांत वापरला जाणारा.

या क्रमांकाची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. फोन लागला तर पलीकडून सांगितले जाई की हा कार्यक्रम काल्पनिक आहे. म्हणजे खुलाशाची सोय केली होती. पण त्या रात्री इतके फोन आले की असंख्य लोकांना लाइन व्यग्र असल्याचाच आवाज ऐकू आला. घाबरलेल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? साऱ्या देशात काहीतरी भयंकर घडते आहे, म्हणून तर फोन लागत नाही. धीर देण्यासाठी ठेवलेल्या सोयीनेच भीती पक्की केली.

कथानकही तसेच रचलेले होते. घरातल्या आवाजांना आईने सुरुवातीला मुलींची समजूत काढताना ‘पाइपांचा आवाज’ म्हटले होते, म्हणून त्या भुताचे नावच ‘पाइप्स’. दीड तासात ते अगदी मोजक्या वेळा, ओझरते दिसते. पडद्याच्या मागे, काचेत, गर्दीत. शेवटी सारा ग्रीन जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ओढली जाते आणि दार बंद होते. स्टुडिओत वादळ उठते, दिवे जातात, आणि एकटे उरलेले पार्किन्सन भुताच्या आवाजात बडबडगीत पुटपुटू लागतात. त्याआधी एक तज्ज्ञ सांगते की कोट्यवधी लोक एकाच वेळी पाहत असल्याने या कार्यक्रमाद्वारे भुताला आवाहनच केले गेले आहे, आणि ते आता प्रत्येक घरात शिरले आहे.

एरवीच्या भयपटात भूत त्या वाड्यात असते, त्या जंगलात असते. प्रेक्षक घरी सुरक्षित असतो. इथे ती भिंतच पाडली होती. त्यातून नोव्हेंबर तोंडावर आलेला. इंग्लंडमधील घरे ऊब देणाऱ्या गरम पाण्याच्या नळांवर चालतात आणि थंडी सुरू झाली की ते नळ तापताना, निवताना खटखट वाजतात. जवळपास प्रत्येक घरात पाइप होते आणि अनेक घरांत जिन्याखालची खोलीही. कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद करता येत होता, पण ते नळ कोण बंद करणार?

भीतीची यंत्रणा अशाच आवाजांवर जगते. मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांच्या बाजूला खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. वैद्यकात त्याला अमिग्डाला म्हणतात. डोळ्यांनी आणि कानांनी टिपलेल्या माहितीची एक वेगवान शाखा तिथे पोहोचते, आणि विचार करणाऱ्या मेंदूने ‘हे खरे की खोटे’ ठरवण्याआधीच तिथून धोक्याचा इशारा निघतो. अ‍ॅड्रेनालिन स्रवते, छाती धडधडते, तळवे घामेजतात, अंगावर काटा येतो. हे घडायला साप खरा असावा लागत नाही, दोरी पुरते. एरवी काही क्षणांत विचार करणारा मेंदू ‘अरे, दोरी आहे’ म्हणतो आणि सगळे शांत होते. पण त्या क्षणी जो आवाज, जो वास, जी जागा आजूबाजूला असेल ती भीतीशी जोडली जाऊन स्मरणात राहते. पुढे नुसता आवाज आला तरी पूर्ण यंत्रणा जागी होते. कॉव्हेंट्रीतला मुलगा जिना टाळत होता तो याचमुळे.

टाळणे हाच या आजाराचा खरा खुराक आहे. जिन्यावर न गेल्याने त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि मेंदू शिकतो की ‘गेलो नाही म्हणून वाचलो’. दुसऱ्या दिवशी जिना आणखी भयानक होतो. झोप न झाल्याने भीतीवरचा ताबा अजून सुटतो. मग अंधार, मग एकटे राहणे, मग शाळा असे आयुष्याचे तुकडे एकेक करून भीतीच्या ताब्यात जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एवढे काय त्या मालिकेचे घेऊन बसला आहे. मुलगा मालिकेला घाबरणे केव्हाच थांबलेले असते. तो आता स्वतःच्या घराला घाबरत असतो.

आता प्रश्न उरतो तो वयाचा. कार्यक्रम १ कोटी १० लाखांच्या आसपास माणसांनी पाहिला, मग आजारी पडली ती दहा वर्षांची मुलेच का? चार वर्षांची मुले अधिक घाबरायला नकोत का?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांचे निष्कर्ष पालकांच्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारे आहेत. बालवाडीच्या वयाची मुले घाबरतात ती जे दिसायला भयंकर असते त्याला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत साधा माणूस हिरव्या राक्षसी देहात बदलतो. तो नायक आहे, चांगला आहे, लोकांना वाचवणार आहे, हे लहान मुलांच्या ध्यानात येत नाही. रूप बदलताना पाहून ती किंचाळतात. मोठी मुले मात्र त्याच दृश्यात निवांत असतात. उलट १९८३ मध्ये अमेरिकेत अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ हा टीव्हीपट दाखवला गेला, तेव्हा सर्वांत लहान मुले फारशी हलली नाहीत. अस्वस्थ झाली ती मोठी मुले आणि त्यांचे पालक, कारण हे खरेच घडू शकते हे त्यांना समजत होते.

दहा वर्षांचे मूल या दोन टोकांच्या मधल्या उंबरठ्यावर उभे असते. त्याने मोठ्या कष्टाने एक नियम शिकलेला असतो. कार्टून खोटे, सिनेमा खोटा, बातम्या खऱ्या. गोष्टीतली माणसे खोट्या नावाची, बातम्यांतली माणसे स्वतःच्या नावाची. या नियमाच्या आधारावर ते रात्री निर्धास्त झोपते. ‘घोस्टवॉच’ने हा नियमच उलटा फिरवला. बातम्यांच्या साच्यात, खऱ्या नावांनी, मुलांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवावा अशाच माणसांनी भूत दाखवले. चार वर्षांच्या मुलाकडे मोडण्यासारखा नियम नव्हता. चाळिशीतल्या माणसाला माहीत असते की बीबीसीही नाटक करू शकते. मधल्या वयाचा मात्र आधारच गेला. मुलांना घाबरवण्यात काही पाप नाही. गोष्टी सांगणाऱ्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या ते करत आल्या. पण आजी गोष्ट संपली की ‘झोपा आता’ म्हणून पांघरूण घालते, आणि ती गोष्ट आहे हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते.

ब्रिटनमधील प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने १९९५ मध्ये या कार्यक्रमाविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय दिला, तेव्हा नेमका हा मुद्दा मांडला. मुलांच्या कार्यक्रमांतले ओळखीचे चेहरे दिसल्याने काही पालक गाफील राहिले आणि मुलांना पुढे बघू द्यावे की नाही हे त्यांना वेळेत ठरवता आले नाही, असे मंडळाने म्हटले. तक्रार करणाऱ्यांत एक दांपत्य होते. बौद्धिक वाढ वयाच्या मानाने कमी असलेला त्यांचा १८ वर्षांचा मुलगा कार्यक्रमानंतर काही दिवसांतच गेला. त्याने आयुष्य संपवले होते. घरातले नळ वाजत होते आणि मुलगा त्या कार्यक्रमाने झपाटून गेला होता, असे त्यांचे म्हणणे होते. अशा मृत्यूला एकच एक कारण कधी नसते आणि एका कार्यक्रमाच्या माथी ते मारणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होणार नाही. पण ‘शरीराने १८ वर्षांचा’ आणि ‘समजुतीने दहा-बारा वर्षांचा’ अशी माणसे आपल्याही घरांत असतात, आणि रात्री दहाला रिमोट हाती देताना त्यांचे वय शाळेच्या दाखल्यावरून मोजले जाते.

कॉव्हेंट्रीच्या टिपणानंतर त्याच नियतकालिकात इतर डॉक्टरांची पत्रे छापून आली. आधीपासून चिंताग्रस्त असलेल्या मुलांना धोका अधिक, असे एका पत्राने दाखवून दिले. कुटुंबात ताणतणाव असेल तर परिणाम वाढतो, असे दुसऱ्याने. हे दोन्ही मुद्दे रोजच्या अनुभवाशी जुळतात. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, आईबापांची भांडणे चालू आहेत, शाळा बदलली आहे, त्या घरातल्या मुलाच्या मनात भीती आधीच जागा शोधत असते. मालिका तिला फक्त एक चेहरा देते. म्हणून डॉक्टरांनी आणि पालकांनी ‘कोणता भाग पाहिला?’ याच्या बरोबरीने ‘घरी काय चालू आहे?’ हेही विचारायला हवे. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक लांब असते.

निदानाच्या नावावरही वाद झाला, आणि तो आजच्या नियमांनी जवळपास निकाली निघाला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांच्या व्याख्यांची जी पाचवी आवृत्ती काढली, तिच्यानुसार नुसत्या टीव्ही, चित्रपट वा छायाचित्रांतून पाहिलेल्या गोष्टीमुळे पीटीएसडीचे निदान करता येत नाही. कामाचा भाग म्हणून अशी दृश्ये पाहावी लागत असतील तरच अपवाद. म्हणजे त्या दोन मुलांना आज कदाचित दुसरे नाव मिळेल: चिंताविकार, विशिष्ट भीती, समायोजनाचा त्रास. नावाने फार बिघडत नाही. जो मुलगा डोके आपटून घेतो आहे त्याला मदत लागतेच, आणि उपचारही बरेचसे तेच राहतात. धीराने, छोट्या छोट्या पायऱ्यांनी भीतीच्या जागेकडे परत नेणे. आज जिन्याच्या पहिल्या पायरीवर आईबरोबर, उद्या तिसरीवर, परवा आई खाली आणि मुलगा वर. औषधांची गरज क्वचित पडते.

किती मुले अशी आजारी पडतात? आठ आठवडे रुग्णालयात राहण्याची वेळ फारच थोड्यांवर येते, आणि प्रत्येक घाबरलेल्या मुलाला आजारी ठरवण्याचे कारण नाही. बहुतेक मुले दोन-चार रात्री आईच्या कुशीत झोपतात आणि विसरतात. मात्र ‘विसरतात’ हा शब्द जरा जपून वापरावा लागेल. कँटर आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये दीडशेच्या आसपास महाविद्यालयीन तरुणांना लहानपणीच्या भीतीबद्दल विचारले. सुमारे ९० टक्के जणांनी पडद्यावरचे काहीतरी पाहून दीर्घकाळ घाबरल्याचे सांगितले. आणि सुमारे २६ टक्के जणांमध्ये, म्हणजे चारांतल्या एकामध्ये, त्या भीतीचा काही अंश मोठेपणीही शिल्लक होता.

शरीराच्या बाजूने पाहायचे तर आपल्या भाषेत ‘रक्त गोठवणारी’ गोष्ट म्हणतात, तशी इंग्रजीतही म्हणतात. नेदरलँड्समधील लायडन येथील डॉक्टरांनी हे खरेच तपासून पाहिले. २४ निरोगी तरुणांना एका आठवड्यात ‘इन्सिडियस’ हा भुताटकीचा चित्रपट आणि दुसऱ्या वेळी शँपेनवरचा माहितीपट दाखवला, आधी आणि नंतर रक्त तपासले. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणारा आठव्या क्रमांकाचा घटक निम्म्याहून अधिक जणांमध्ये वाढला होता. प्रत्यक्ष गुठळी तयार होण्याची खूण मात्र दिसली नाही. २०१५ च्या नाताळच्या अंकात हे छापले गेले, त्यामुळे थट्टेचा सूर आहेच. पण भीती ही केवळ ‘मनाची’ गोष्ट नाही, हे सांगायला ते उपयोगी पडते.

इथे एक वेगळा धोका सांगून ठेवायला हवा, कारण त्याची भीतीशी गल्लत होते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टूनच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश काही सेकंद सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडझाप करत राहिला. त्या संध्याकाळी ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना आकडी आली होती आणि बहुतेकांना तोवर कधीच आकडी आलेली नव्हती. कथेत घाबरण्यासारखे काही नव्हते. तो लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा परिणाम होता. भुताच्या मालिकांत वीज चमकणे, दिवे फडफडणे हे हमखास असते. टीव्हीसमोर मूल ताठ झाले, डोळे फिरले, हातपाय झटकू लागले, तर ‘घाबरले’ किंवा ‘लागिर झाले’ म्हणून घरी बसू नये. कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवत वेळ घालवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे.

झोपेतल्या दोन त्रासांचीही अशीच सरमिसळ होते. मूल झोपल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठते, डोळे उघडे, घामाघूम, पण आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हा झोपेच्या गाढ टप्प्यातला त्रास असतो. वय वाढले की बहुतेकांत तो आपोआप थांबतो. त्याला हलवून जागे करण्याची गरज नसते, फक्त पडू-लागू नये एवढे पाहावे. याउलट मालिकेतले भूत स्वप्नात येते ते बहुधा पहाटेकडे. मूल पूर्ण जागे होते, स्वप्न सांगते, पुन्हा झोपायला घाबरते. त्याला जवळ घेण्याची गरज असते. पहिल्या प्रकारालाच आपल्याकडे सर्वाधिक वेळा ‘बाहेरची बाधा’ समजले जाते, कारण ते दिसायला तसे असते.

मराठी वाहिन्यांवर भुताटकीची मालिका नवीन नाही. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा कोकणातून तिला विरोध झाला. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप होते. ते वाद आपल्या जागी. मुलांच्या झोपेचा विषय मात्र अशा वादांत मागेच राहतो. रात्री साडेदहाची वेळ कागदावर मोठ्यांची असते. दोन खोल्यांच्या घरात जिथे टीव्ही, तिथेच मुलांची गादी असते. पाठ फिरवून झोपलेल्या मुलाला चित्र दिसत नाही, पण संगीत आणि किंकाळ्या ऐकू येतात, आणि न दिसलेले भूत दिसलेल्यापेक्षा मोठे असते. निदान ती मालिका ‘मालिका’ म्हणून येते. कलाकार ओळखीचे असतात, मध्ये जाहिराती लागतात, दुसऱ्या दिवशी तोच नट साबण विकताना दिसतो. ‘घोस्टवॉच’चा खरा वारसा आज मोबाइलवर आहे. ‘सीसीटीव्हीत कैद झालेले भूत’, ‘अमक्या घाटात रात्री दिसलेली बाई’ अशा चित्रफिती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मामा किंवा काका पाठवतात. सुरुवातीला लेखकाचे नाव नाही, शेवटी कलाकारांची यादी नाही. पाठवणारा मात्र विश्वासातला. आणि मूल ती पांघरुणाखाली एकटेच पाहते.

बीबीसीने एक गोष्ट मात्र योग्य केली. कार्यक्रमानंतर थोड्याच अवधीत सारा ग्रीन मुलांच्या कार्यक्रमात आली आणि आपण सुखरूप आहोत, ते सगळे नाटक होते, हे तिने मुलांना सांगितले. जिने घाबरवले तिनेच येऊन सांगणे, याची किंमत मोठी. घरातही हेच करता येते. मामाने पाठवलेली चित्रफीत असेल तर मामानेच फोन करून सांगावे, ‘अरे, ती बनवलेली होती.’

मात्र सांगण्याची रीत वयाप्रमाणे बदलते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘भूत नसते’ हे पटवत बसण्यात अर्थ नाही. त्याला मांडी, पाणी, मंद दिवा आणि दुसरी एखादी गोष्ट पुरते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला उलट बौद्धिक उत्तर हवे असते. रंगभूषा कशी करतात, धूर कशाने काढतात, दार दोरीने कसे ओढतात हे त्याला दाखवावे, जमल्यास त्याच्याच हातून मोबाइलवर एक खोटे भूत बनवून घ्यावे. भूत बनवणाऱ्याला भुताचे भय कमी वाटते. हसू नये. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस’ म्हटले की मूल घाबरणे थांबवत नाही, सांगणे थांबवते. जेवत नाही म्हणून ‘थांब, तिला बोलावते’ अशी मालिकेतल्या पात्राची धमकी तर मुळीच देऊ नये.

आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली तर बिघडत नाही, असे अनेकांना वाटते. तिच्या हाताच्या स्पर्शाने मूल शांत होतेही. पण त्याबरोबर ‘काहीतरी लागले होते, ते काढले’ हा निरोप मुलाला पोहोचतो, आणि कॉव्हेंट्रीच्या मुलाच्या डोक्यात नेमका तोच विचार घर करून बसला होता. मांत्रिकाकडे नेणे ही त्यापुढची आणि सरळ घातक पायरी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरातल्या ज्येष्ठांकडे पाहायलाही विसरू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला पुष्कळदा टीव्हीतली माणसे खोलीतच आली आहेत असे वाटते. आजी पडद्यावरच्या बाईला चहा विचारते, तेव्हा घरचे हसतात. तीच आजी रात्रीच्या मालिकेनंतर ‘घरात कोणी शिरले आहे’ म्हणून दारे तपासत फिरते, तेव्हा औषध वाढवून मागितले जाते. अशा वेळी आधी संध्याकाळनंतरचा टीव्ही बदलून पाहावा.

घाबरलेल्या मुलाची झोप, जेवण, शाळा आठवडाभरात रुळावर यायला हवी. महिना उलटूनही मूल एकटे झोपत नसेल, शौचाला एकटे जात नसेल, अंथरूण पुन्हा ओले करू लागले असेल, दिवसा तीच दृश्ये दिसतात म्हणत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचे बोलत असेल, तर महिना थांबू नये, त्याच दिवशी न्यावे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलाला डॉक्टरांकडे आणताना त्याने नेमके काय पाहिले ते पालकांनी स्वतः आधी पूर्ण पाहून यावे; मुलाने सांगितलेले भूत आणि पडद्यावरचे भूत यांत पुष्कळदा फरक असतो, आणि उपचार मुलाने सांगितलेल्या भुतावर करायचे असतात.